अक्कांची झोप आणि अक्कांचा राग

शेटे अक्का शाळेत कुठे झोपतात हे फक्त मला ठाऊक होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही, कारण त्यात माझ्या ग्रंथालयाची अब्रू गुंतलेली होती. शेवटच्या दोन कपाटांच्या मागे भिंतीला लागून एक लांब बाक आहे. तिथे संदर्भग्रंथ असतात, म्हणजे तिथे कुणी येत नाही. मधल्या सुट्टीत अक्का यायच्या, चपला कपाटाखाली सारायच्या, आमच्या संस्थाध्यक्षांच्या एकसष्टीला निघालेला गौरवग्रंथ डोक्याखाली घ्यायच्या आणि पदर तोंडावर ओढून आडव्या व्हायच्या. त्या ग्रंथाच्या पुष्कळ प्रती शाळेला सप्रेम भेट आलेल्या आहेत. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत त्याचा कुणाला झालेला हा एकच उपयोग मी पाहिला.

आडव्या व्हायच्या म्हणजे झोप लागायचीच असं नाही. बहुतेक वेळा पदराखालून आवाज यायचा, "सरू, त्यो पंखा कामून कुरकुरतो गं?" किंवा "नववी 'ब'वर आता कोण हाय?" मी म्हणायची, "अक्का, झोपा." त्या म्हणायच्या, "तेच करून राहिले ना." मग पायाची बोटं हलायची, हात बाकाच्या कडेवर ताल धरायचा, आणि घंटा झाली की त्या उठून बसायच्या. चेहरा असा, की कुणीतरी त्यांच्याकडून काहीतरी उधार नेलंय आणि परत करायचं नाव नाही.

त्यांचं नाव महानंदा. माहेर उदगीरचं, लिंगायत दुकानदाराचं. पुढे भाऊ लातूरला सरकले, त्यामुळे माहेर म्हणजे आता लातूर. उदगीरकडच्या बोलीत कानडी जागोजाग चिकटलेलं असतं. थोरल्या बहिणीला तिकडे अक्का म्हणतात, म्हणून त्या आमच्या सगळ्यांच्या अक्का. संस्थाध्यक्षसुद्धा त्यांना अक्का म्हणत, वयाने चांगले मोठे असून. एखाद्याचं बोलणं वाजवीपेक्षा लांबलं की त्या पंजा वर करून 'साकु' म्हणायच्या. साकु म्हणजे पुरे. आमच्या शाळेतल्या पोरांना कानडीतला एवढा एकच शब्द येत असे, पण तो पक्का येत असे.

त्या नववी-दहावीला गणित शिकवायच्या. फळ्यावर त्यांची आवडती जागा म्हणजे जिथे विद्यार्थी 'उघड आहे की' असं लिहून पुढे सरकतो ती. तिथे त्या खडू टेकवून विचारायच्या, "कशावरून?" हा प्रश्न त्यांच्या जिभेवरच बसलेला होता. भाजीवालीने मेथी ताजी आहे म्हटलं की कशावरून, नवऱ्याने पाऊस येणार म्हटलं की कशावरून. एकदा तपासणीला आलेले साहेब व्यासपीठावरून म्हणाले, "ही जिल्ह्यातली एक आदर्श शाळा आहे," आणि पहिल्या रांगेतून अक्का म्हणाल्या, "कशावरून?" त्यांना काही आव्हान द्यायचं नव्हतं, सवयीनं निघून गेलं. पण साहेब जे अडखळले, ते नंतर बराच वेळ त्यांच्या भाषणात विशेषणं आली नाहीत. त्यांचं मी ऐकलेलं तेच सर्वांत चांगलं भाषण.

अक्का पन्नाशीला टेकल्या तेव्हा बदल सुरू झाला. सुरुवात पंख्यापासून झाली.

नांदेडला थंडी थोडीच पडते, पण पडते तेव्हा आमचा शिक्षकवर्ग ती साजरी करतो. माकडटोप्या निघतात, मफलर निघतात, चित्रकलेचे पांचाळ सर तर हातमोजे घालून हजेरी घेतात. अशा एका जानेवारीच्या सकाळी अक्का शिक्षक-खोलीत आल्या आणि त्यांनी पंखा पूर्ण वेगाने सोडला. पेपर उडाले. पांचाळ सर टोपी धरून उभे राहिले.

"अक्का, जानेवारी आहे हो!"

"हाव. मला म्हाईत हाय. माझ्या अंगाला न्हाई म्हाईत."

मी समोरच बसले होते. त्यांच्या गळ्यापासून लाली वर चढताना दिसली, पाणी चढावं तशी, मानेवरून गालावर, गालावरून कपाळावर. वरच्या ओठावर घामाचे थेंब आले. थोड्या वेळात सगळं ओसरलं, त्यांनी पंखा बंद केला आणि पिशवीतून शाल काढून पांघरली. पांचाळ सर म्हणाले, "आता?" अक्का म्हणाल्या, "आता जानेवारी."

त्या असल्या गोष्टी लपवीत नसत. बाकीच्या बायका ज्याला 'अडचण' म्हणायच्या त्याला त्या पाळी म्हणायच्या, पुरुषांसमोरही. त्यांनीच मला सांगितलं होतं की पाळी आधी लांबली, मग महिन्यात दोनदा आली, मग रुसून बसली. हिंदीच्या देशमुख मॅडमना ते कळल्यावर त्यांनी अक्कांचे हात हातात घेतले. "सुटलात अक्का! आता मोकळ्या झालात. आता महालक्ष्म्यांचं सगळं सोवळ्याचं तुमच्या हातानं करता येईल, चार दिवसांची कटकट नाही."

"मॅडम, आमच्यात विटाळ मानतच न्हाईत," अक्का म्हणाल्या. "गळ्यात लिंग हाय, त्याची पूजा त्या चार दिवसांतबी केली. मी कधी बांधलेली नव्हते, तर मोकळी कशी होऊ?" आणि मग एकदम आवाज चढवून, "अन् मोकळं झाल्यावर मानसाला झोप येत न्हाई का? जनावर सोडलं तर झोपतं!"

देशमुख मॅडमचे हात अजून पुढेच होते. अक्कांनी त्या हातांकडे पाहिलं आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "खामखा बोलले बगा तुम्हाला," म्हणाल्या आणि उठून गेल्या.

हे असं होऊ लागलं होतं. आधी राग, मग रडं, मग दोन्हीची लाज. दहावीच्या वर्गात एका पोराने सिद्धता फळ्यावर इतकी नीट लिहिली की अक्का रडल्या. पोरगं घाबरून म्हणालं, "मॅडम, चुकलं का?" मला सांगताना म्हणाल्या, "चुकलं असतं तर बरं झालं असतं गं. चिडता तरी आलं असतं. बरोबर उत्तरावर कुनी रडतं का?" अंकांच्या जागा चुकायला लागल्या. मुलांची नावं जिभेवर येऊन अडायला लागली. फळा पुसून झालेला असला तरी त्या पुन्हा पुसायच्या. त्यांचे हात कधी गप्प राहिनात.

रात्रीचं मला दिवसा कळायचं. मध्यरात्री जाग आली की त्या अंथरुणात थांबत नसत. स्वयंपाकघरातले डबे काढून पुसायच्या आणि उंचीप्रमाणे लावायच्या. दुसऱ्या रात्री तेच डबे वापराप्रमाणे. सकाळी अप्पांना चहाची साखर सापडायची नाही.

अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. त्यांचं मोटारपंपांचं दुकान. मऊ आवाजाचा, पोट सुटलेला, झोपेचं वरदान असलेला माणूस. जेवणाच्या पाटावर डोळा लागू शकतो अशी त्यांची ख्याती. बायकोला झोप नाही या गोष्टीवर त्यांचा आधी विश्वासच बसला नाही. झोप न येणं हे त्यांना श्वास न येण्यासारखं वाटलं असणार. मग विश्वास बसला आणि ते उपायांना लागले. जायफळ घातलेलं दूध. खसखशीची खीर. तळपायाला खोबरेल. कुणीतरी सांगितलं म्हणून उशीखाली कांदा. नांदेडच्या एका डॉक्टरांनी नाडी धरून "टेन्शन घेऊ नका" असं सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेतल्यावर अक्का सकाळी शाळेत अर्ध्या झोपलेल्या आणि रात्री घरी अर्ध्या जाग्या, अशा काहीतरी मधल्याच झाल्या. त्यांनी त्या बंद केल्या. "टेन्शन घेऊ नका म्हनतो. जसं काय मी बाजारातून पिशवीत घालून आनते."

शाळेच्या बोअरची मोटार जळाली तेव्हा अप्पा ती बघायला आले आणि मोटारीकडे जायच्या आधी माझ्याकडे आले. ग्रंथालयात उभं राहिल्यावर माणसं आपोआप हळू बोलतात, पण अप्पा मुळातच हळू बोलत होते.

"बाई, तुमचं त्या ऐकतात. जरा बगा."

"काय झालं अप्पा?"

"काय सांगू. भांडं पडलं तरी रडतात. मी काय बोललो तर चिडतात, न्हाई बोललो तर म्हनतात गप कामून बसलात. मी गच्चीवर झोपाय लागलो, तर म्हनल्या मला टाकून गेलात. खाली आलो तर म्हनल्या घोरता. मी कुठं झोपावं, तेवढं तरी विचारून सांगा."

मला हसू आलं. त्यांनाही आलं, पण लगेच विरलं. "घरचे म्हनून राहिले, कुनी काही केलं असंल. करनी-बिरनी. मी मानत न्हाई." मग कपाटांकडे बघत म्हणाले, "पर बाई, ह्या आमच्या त्या न्हाईत. सव्वीस-सत्तावीस वर्षं बगतो मी. ह्या कुनीतरी येगळ्याच हायत."

यानंतर आला संस्थाध्यक्षांचा वाढदिवस.

आमच्या संस्थाध्यक्षांना सगळे भाऊसाहेब म्हणतात. अर्धापूरकडे त्यांच्या केळीच्या बागा आहेत, आणि संस्थेच्या कुठल्याही कार्यक्रमात पाहुण्याला विचार मिळो न मिळो, केळी मिळतात. त्या वर्षी कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं की मैदानावर विद्यार्थ्यांना उभं करून 'भाऊसाहेब' अशी अक्षरं करायची आणि वरून ड्रोनने फोटो काढायचा. चुन्याची फक्की मारून अक्षरं आखली गेली. पाचवी-सहावीला 'भा' मिळाला, आठवीच्या मुलींना शेवटचा 'ब'. पोरं सकाळी उभी राहिली. ड्रोनवाला परभणीहून यायचा होता. तो आला, तर भाऊसाहेब यायचे होते. मार्च महिना. ऊन डोक्यावर आलं.

अक्का व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या. एक मुलगी मटकन खाली बसली, शेजारणीने तिला उठवलं, कारण 'ब'ला भोक पडलं होतं. पाहता पाहता अक्का मैदानात गेल्या. मला त्यांचा आवाज आला, "साकु! चला गं पोरींनो, सावलीत. सगळ्या. आत्ता." क्रीडाशिक्षक शिट्टी वाजवत धावत आले. त्यांना त्या काय बोलल्या ते मी इथे लिहीत नाही. ते कानडीत होतं आणि त्यांना समजलं.

भाऊसाहेब आले तेव्हा ड्रोन वर गेला, आणि फोटोत स्वच्छ, सुबक अक्षरांत आलं: 'भाऊसाहे'. तो फोटो दुपारपर्यंत सगळ्या नांदेडच्या मोबाइलवर होता.

भाऊसाहेब रागावले नाहीत. तेच वाईट होतं. ते हसून म्हणाले, "अक्कांची तब्येत बरी नाही. आपण समजून घेतलं पाहिजे." त्या दिवसापासून सगळे समजून घेऊ लागले. अक्का वर्गात मोठ्याने बोलल्या की समजून घ्यायचे. वेळापत्रकातली चूक दाखवली की समजून घ्यायचे. देशमुख मॅडम तर त्यांच्याशी आजाऱ्याशी बोलावं तशा आवाजात बोलू लागल्या.

या समजून घेण्यामागे एक हिशेब होता. आमचे मुख्याध्यापक मे अखेर निवृत्त होणार होते. नियमाप्रमाणे खुर्ची सेवाज्येष्ठ शिक्षकाकडे जाते, आणि सेवाज्येष्ठ होत्या अक्का. पण आमच्याकडे नियमाला एक पूरक प्रथा आहे. जो ज्येष्ठ असतो त्याने 'मला हे पद नको' असं लिहून द्यायचं. त्याला नकार म्हणतात. नकार मागत नाहीत, तो आदराने घेतात. ज्येष्ठ व्यक्तीला घरी बोलावतात, शाल देतात, बाई असेल तर ओटी भरतात, तब्येतीची चौकशी करतात, आणि टाइप केलेला कागद चहाच्या कपाशेजारी असतो. आमच्या भागातल्या कितीतरी शाळांचे मुख्याध्यापक अशा चहातून निर्माण झालेले आहेत. इथे भाऊसाहेबांचे पुतणे, राहुल सर, तयार होते. अक्का आणि त्यांच्या मधल्या दोघा-तिघांचा चहा झालेलाच होता.

अक्कांनाही निरोप आला. "तब्येत बघता तुम्हीच काय ते ठरवा. आमचा आग्रह नाही." अक्कांनी सुट्टी लागेपर्यंत मुदत मागितली आणि माझ्याकडे येऊन बाकावर आडव्या झाल्या. पदर तोंडावर घेतला नाही. डोळे उघडे.

"देऊन टाकावं वाटून राहिलं, सरू."

"का?"

"लई बेजार झाले मी. काल अप्पावर पोळपाट उगारला. मारला न्हाई. पर उगारला तर खरं." त्या छताकडे बघत होत्या. "मला एक सांग. त्या दिवशी पोरींना मी उन्हातून हलवलं, ते ऊन होतं म्हनून, का रात्रभर मला झोप नव्हती म्हनून?"

"ऊन होतं अक्का. पोरी पडायला लागल्या होत्या."

"कशावरून? ऊन तर दरसाल असतंय. दरसाल काही ना काही असतंच भाऊसाहेबाचं. त्या वेळी कामून गप बसले मी?" त्या उठून बसल्या. "माझा राग माझा हाय का अंगातल्या ह्या भट्टीचा, तेच मला कळत न्हाई. एक समीकरन, दोन अज्ञात. सुटतच न्हाई. अन् जिला स्वतःचा राग वळखू येत न्हाई, तिनं शाळा चालवू नये. भाऊसाहेब चूक न्हाई बोलत."

त्यांचा थकवा मी पुष्कळ वेळा पाहिला होता, पण त्यांनी भाऊसाहेबांना बरोबर म्हणणं हे नवीन होतं. मला पहिल्यांदा भीती वाटली. म्हटलं, "लातूरला जाऊ या. तिथे एक बायकांच्या डॉक्टर आहेत, माझ्या बहिणीने दाखवलंय त्यांना."

"नांदेडात कामून नको?"

"इथे दवाखान्यात बसलात तर बाजूला पालक बसलेला असेल. तो गणिताचे गुण विचारेल."

हे त्यांना पटलं. अप्पांना न्यायचं नव्हतं. "ते रस्ताभर घोरतील अन् मी रस्ताभर बगत बसीन." एका शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही दोघी निघालो. लोह्यापर्यंत अक्कांनी एसटीची खिडकी सहा-सात वेळा उघडली आणि मिटली. मागच्या बाकावर फेटेवाले एक म्हातारेबुवा होते. ते शेवटी म्हणाले, "बाई, एक कायतरी ठरवा. वारं तरी येऊ द्या, न्हाईतर धूळ तरी."

"मामा, तेच ठरवाय चालले लातूरला," अक्का म्हणाल्या.

डॉक्टर वयाने अक्कांपेक्षा बऱ्याच लहान, बोलायला सरळ. त्यांनी नाडी धरली नाही, विचारलं. रात्री घाम येतो का, इतका की ब्लाउज बदलावा लागतो? झोप लागतच नाही, की लागते आणि मोडते? छातीत धडधडतं? विसरायला होतं? एकटं असताना रडू येतं? जगणं नकोसं वाटतं का? शेवटच्या प्रश्नाला अक्का म्हणाल्या, "जगनं नको असं न्हाई. जागनं नको झालंय."

डॉक्टर म्हणाल्या, "ताई, तुम्हाला वेड लागत नाहीये."

"कशावरून?"

मी टेबलाखालून पाय दाबला, पण डॉक्टरांना राग आला नाही. उलट त्या सरसावल्या. कोरा कागद घेऊन त्यांनी पाळी जातानाच्या वयात शरीरातली संप्रेरकं कशी वरखाली होतात त्याचा आलेख काढला. सरळ उतरत नाहीत, म्हणाल्या, हिंदकळत उतरतात. त्याच्याबरोबर अंगाचं तापमान सांभाळणारी यंत्रणा बिघडते, म्हणून भट्टी. भट्टीमुळे रात्री जाग. जागरणामुळे चिडचिड आणि विसरणं, आणि काही जणींना या हेलकाव्यांमुळे थेटच उदास वाटतं. अक्का आलेखाकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अक्षांवर काय घेतलंय ते लिहिलं न्हाई तुम्ही." डॉक्टरांनी लिहिलं.

रक्ताच्या तपासण्या झाल्या, थायरॉइड पाहिलं, रक्तदाब पाहिला, घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर, रक्ताच्या गुठळ्या असं काही झालं होतं का ते विचारलं. दुसऱ्या खेपेला डॉक्टरांनी संप्रेरकांचं औषध सुचवलं. त्याने काय होईल, काय धोका असू शकतो, कधी येऊन दाखवायचं, सगळं सांगितलं आणि ठरवायचं अक्कांवर सोडलं. संध्याकाळचा चहा बंद. "आणि दिवसा झोपायचं नाही. अजिबात." अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. त्या क्षणी माझ्या ग्रंथालयाने आपली एकमेव नियमित वाचक गमावली.

"अन् राग?" अक्कांनी विचारलं. "राग जाईल का?"

डॉक्टर हसल्या. "त्यातला जो झोपेचा आहे तो कमी होईल. उरेल तो तुमचा."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना अक्का एकदम थांबल्या, माणसांची वाट अडवून. "सरू, हे दुसरं समीकरन झालं की गं."

लगेच काही झालं नाही. पहिले काही दिवस तर त्या मला दोष देत होत्या. मधल्या सुट्टीत ग्रंथालयात यायच्या आणि उभ्या राहायच्या, बाकाकडे बघतसुद्धा नसत, उपवासाच्या दिवशी माणूस ताटाकडे बघत नाही तसं. मग एक दिवस म्हणाल्या, रात्री एकदाच जाग आली. मग पुन्हा दोन रात्री डबे. मग अप्पा गच्चीवरून खाली आले, मुक्कामाला. शिक्षक-खोलीतला पंखा अक्कांच्या आधी दुसरेच कुणी लावू लागले. पांचाळ सरांनी ते पाहून माझ्याकडे अर्थपूर्ण नजर टाकली, पण मी समजून घेतलं नाही.

परीक्षा झाल्या, सुट्टी लागली. मे महिन्यातल्या एका सकाळी अक्कांचा फोन आला. "चौकात ये."

शाळेजवळच्या चौकात एक भलामोठा फ्लेक्स लागला होता. गॉगल लावलेले राहुल सर, वर आशीर्वादाच्या मुद्रेत भाऊसाहेब, खाली शुभेच्छुकांचे चेहरे, आणि मधे 'नूतन मुख्याध्यापकपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. लग्नसराई होती. फ्लेक्सवाल्याला पुढे उसंत नव्हती, म्हणून त्याने हातोहात छापून दिला होता, आणि कार्यकर्त्यांनी छापलंय तर लावून टाकला होता. आमच्याकडे घटना आणि अभिनंदन यांत अभिनंदन आधी येतं. एरवी त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

अक्का फ्लेक्सखाली उभ्या होत्या. पदर नीट, चष्मा नाकावर. मला वाटलं आता आरडाओरडा होणार.

"अजून माझी सही व्हायची हाय," त्या शांतपणे म्हणाल्या. "संध्याकाळी बोलावलंय भाऊसाहेबानं. तू चल. मी काय बोलले ते नंतर मला आठवलं पाहिजे."

"रात्री झोप?"

"सलग. अप्पाच्या घोरन्यासकट."

भाऊसाहेबांच्या दिवाणखान्यातल्या खुर्च्यांना सिंहाची तोंडं आहेत. बसणाऱ्याने हात कुठे ठेवायचा हा प्रश्न पडतो. केळी आली, चहा आला, वहिनीसाहेबांनी अक्कांची ओटी भरली. राहुल सर कोपऱ्यात नम्रपणे उभे होते. कागद कपाच्या शेजारी होता. भाऊसाहेबांनी तब्येतीपासून सुरुवात केली, स्त्रीशक्तीवर आले, त्याग हा स्त्रीचा दागिना असल्याचं सांगितलं आणि वळून पुन्हा तब्येतीवर येणार, तेवढ्यात अक्कांचा पंजा वर गेला.

"साकु, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांचा हात सिंहाच्या तोंडावर टेकला, आणि अक्का बोलू लागल्या.

"दोन महिन्यांमागं हा कागद आला असता तर मी सही केली असती. तवा मला झोप नव्हती. पोरींना उन्हातून हलवलं, फोटो बिघडला, तुम्ही म्हनलात तब्येत. मला बी तसंच वाटलं. म्हनलं, ही तब्येतच असंल." त्यांनी चहाचा एक घोट घेतला. आवाज वर्गातल्यासारखा होता, चढलेला नाही, उतरलेला नाही. "म्हनून दवा घेतली. झोपून बगितलं. एक रात्र न्हाई, लई रात्री झोपून बगितलं. घाम गेला. रडं गेलं. अप्पावरचा राग गेला, त्यो बिचाऱ्यावरचा नव्हताच. पर त्या उन्हाचा राग जिथल्या तिथं हाय, भाऊसाहेब. तेवढाच उरला. म्हंजे त्यो माझा हाय."

भाऊसाहेब म्हणाले, "अक्का, आपण चिडू नका—"

"मी चिडले न्हाई. हे आत्ता मला नीट वळखू येतं." त्यांनी कागद उचलला, चष्मा सारखा करून पूर्ण वाचला, घडी घालून बशीखाली ठेवला. "मला पद पाहिजे. नियमानं माझं हाय." मग ओटीचा नारळ पदरात घट्ट धरत उठल्या आणि वहिनीसाहेबांना म्हणाल्या, "ओटी नेते हं वहिनी. ती तुम्ही मनापासनं भरली."

बाहेर आल्यावर "मी नीट बोलले का गं?" असं त्यांनी तरोड्याच्या नाक्यापर्यंत मला तीनदा विचारलं.

जूनमध्ये अक्का खुर्चीवर बसल्या. संस्थेने जेवढी अडवणूक करता येते तेवढी केली, पण नियम त्यांच्या बाजूने होता आणि नकार कुणाकडेच नव्हता. फ्लेक्स पहिल्या वादळात फाटला, राहुल सरांचा गॉगल तेवढा बरेच दिवस फडफडत राहिला. अक्कांना सगळ्याच रात्री चांगल्या जात होत्या असं नाही. अधूनमधून सकाळी डोळे सांगायचे की डबे खाली आले होते. अशा दिवशी त्या सही लागणारे मोठे कागद बाजूला ठेवायच्या. "आज माझा भरवसा न्हाई, उद्या आना." असं म्हणणारा अधिकारी मी दुसरा पाहिलेला नाही.

माझी मात्र वर्षभरात संस्थेच्या लोह्याच्या शाळेत बदली झाली. त्या संध्याकाळच्या साक्षीदाराला लोह्याची हवा मानवेल असं कुणाला तरी वाटलं असावं. जायच्या दिवशी सकाळी अक्का फाटकात भेटल्या. ताजा चेहरा, कडक इस्तरीची इरकल. मी सवयीने विचारलं, झोप झाली का? "मस्त झाली. दारावरची बेल वाजली तरी उठले न्हाई." आणि त्या तरातरा आत गेल्या.

किल्ल्या सोपवायला मी कार्यालयात गेले तेव्हा त्यांच्या खोलीचं दार लोटलेलं होतं, आणि आतून असा आवाज येत होता की बाहेरच्या नोटिसा हलाव्यात. नव्या वर्गांचं बांधकाम करणारा ठेकेदार आत होता. त्याने नकाशातल्या खिडक्या गुपचूप लहान केल्या होत्या. "पोरांनी श्वास कुठून घ्यायचा? तुमच्या बिलातून?" दाराच्या फटीतून मला त्या दिसल्या. उभ्या होत्या, एका हातात नकाशा, दुसऱ्या हाताने हवेत खिडकीचं खरं माप दाखवत.

कारकून वाघमारे कागदांचा गठ्ठा घेऊन दाराशी थांबला होता. मला बघून त्याने समजूतदारपणे मान हलवली. "मॅडमची रात्री झोप झाली नसंल."

"झाली आहे," मी म्हणाले. "मी सकाळीच विचारलं."

त्याने एकदा दाराकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग अवघड हाय," तो म्हणाला, आणि गठ्ठा मांडीवर घेऊन बाकावर बसला.